कोबीला टाकलेली पिशवी वाया का गेली: भाजीपाला आणि मातीतल्या कामाच्या बुरश्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासवडजवळ तीस गुंठ्यांत भाजी करता आणि माल कोथरूड-बावधनच्या सोसायट्यांना थेट देता. दुकानदाराने मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा या मातीतल्या उपयोगी बुरश्यांच्या दोन पिशव्या दिल्या. लागवडीनंतर पंधरा दिवसांनी तुम्ही त्या कोबी आणि पालकाला ड्रिपमधून सोडल्या, पण काडीचा फरक दिसला नाही. आता कांदा आणि टोमॅटो लावायचाय. तेव्हा पुन्हा पैसे घालावेत का, आणि याने भाजीची प्रत खरंच सुधारते का?

घाला, पण कोबी-पालकाच्या मायकोरायझावर नको. मायकोरायझाच्या बाबतीत नेमकी हीच दोन पिकं तुमच्या हाती लागली, ज्यांच्या मुळांशी या बुरशीची सोयरीक जुळतच नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी हे सगळं एक कूळ आणि पालक, बीट, माठ हे दुसरं. या दोन्ही कुळांत मायकोरायझा मुळाच्या आत घर करत नाही, त्यामुळे कितीही महाग पिशवी आणलीत तरी फरक पडणार नव्हता. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. पण त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं, पिशवीवर 'सर्व पिकांसाठी' छापलेलं असतं.

मी पुणे-नाशिक रस्त्यावर भाजीची रोपवाटिका चालवतो, वीसेक वर्षं झाली. सुरुवातीला मीही ही पावडर अंगारा टाकावा तशी रोपांच्या सगळ्या ट्रेवर भुरभुरायचो. पुढे एका विद्यार्थ्याच्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून मुळं पाहायची सवय लागली आणि बरेच गैरसमज गळून पडले. ते कसं पाहायचं हे पुढे सांगतो. आधी या दोन बुरश्यांची फारकत करू, कारण दुकानात त्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यांची कामं मात्र अगदी वेगळी आहेत.

ट्रायकोडर्मा ही मातीत स्वतंत्रपणे जगणारी बुरशी आहे. कुजलेल्या पालापाचोळ्यावर, शेणखतावर ती वाढते, आणि वाटेत रोगाची बुरशी भेटली तर तिला वेटोळे घालून खाते. तिची जागाही अडवते. रोपं कोलमडणं, मूळकूज, मर यांना आळा घालायला ती बरी. तिला जिवंत मूळ लागतंच असं नाही. म्हणून ती प्रयोगशाळेत खाद्यावर सहज वाढते, स्वस्त पडते आणि कोबीच्या रोपवाटिकेतही उपयोगी ठरते. म्हणजे तुमची दुसरी पिशवी तत्त्वतः चुकीची नव्हती, फक्त उशिरा पडली. रोपं मान टाकतात ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, शेतात लागून मूळ धरल्यावर नव्हे.

मायकोरायझा मात्र वाटेकरी आहे. ती मुळाच्या पेशींमध्ये शिरते, तिथे झुडपासारख्या बारीक फांद्या पसरते आणि पिकाकडून साखर घेते. त्या बदल्यात तिचे तंतू मुळापासून लांब जाऊन स्फुरद (फॉस्फरस), जस्त, तांबं आणि थोडंफार पाणी आणून देतात. पीक पानात तयार केलेल्या अन्नातला चार टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा तिला देतं. हा वाटा काही कमी नाही, त्यामुळे पिकाला बदल्यात काही मिळत नसेल तर ते हा व्यवहार आखडता घेतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढची अर्धी गोष्ट याच्यावरच आहे. 'मायकोरायझा' हा शब्द १८८५ साली जर्मनीच्या आल्बर्ट फ्रँक यांनी केला, तो जंगलातल्या झाडांची मुळं पाहून. आपल्या भाजीत असते ती जात वेगळी, मुळाच्या आत शिरणारी. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे कुंपणातल्या गवताच्या मुळांत ती आजही असणार. आपण पिशवीतून आणतो ते नवं काही नाही, आपल्याच शेतातून उडवून लावलेलं परत आणतो.

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. (रस्ता गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. रिक्षावाले दोन्ही एकच समजतात.) तिथे बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ट्रायकोडर्मासारखी बुरशी अशा संग्रहात काचेच्या नळीत, खाद्यावर ठेवता येते. मायकोरायझा तशी ठेवता येत नाही, तिला जिवंत मूळच लागतं. म्हणून तिचं विरजण, म्हणजे पुढे पिकाला लावायचा जिवंत माल, मका, ज्वारी, नाचणी यांच्या मुळांवर कुंड्यांतून वाढवतात, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या जिवंत मुळांवर. त्यामुळे ती महाग, आणि त्यामुळेच बाजारात नुसती माती विकणारेही बरेच.

आता कांदा. माझ्या मते मायकोरायझाला सर्वांत जास्त दाद देणारी भाजी म्हणजे कांदा, आणि त्याच्या मागोमाग लसूण. कांद्याचं रोप उपटून पाण्यात धुऊन पाहा. पांढऱ्या दोऱ्यांसारखी जाडसर मुळं, फाटे जवळजवळ नाहीत, मुळांवर केसही अगदी तुरळक. शेजारी टोमॅटोचा जारवा, म्हणजे बारीक मुळांचा झुपका, ठेवा म्हणजे फरक कळेल. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर चालत मुळाकडे येतं, स्फुरदाला मूळच जाऊन भेटावं लागतं. मुळाच्या सभोवतालचं एक-दोन मिलिमीटरचं स्फुरद संपलं की कांद्याचं मूळ उपाशी बसतं. बुरशीचा तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक, तो तिथून पुढे काही सेंटिमीटर जातो आणि मूळ शिरू शकणार नाही अशा मातीच्या फटीतून स्फुरद काढून आणतो. त्यातून आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी. त्यांचा सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा जमिनीत टाकलेलं बरंच स्फुरद चुन्याशी बांधलं जाऊन अडकतं. आपण दरवर्षी १८:४६ ची, म्हणजे डीएपी या स्फुरदाच्या खताची, पोती ओततो, त्यातलं पहिल्या पिकाला जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो आणि बाकीचं जमिनीत थकबाकीसारखं पडून राहतं. ती थकबाकी थोडीफार वसूल करणारा हा वाटेकरी.

मात्र शेतकरी इथेच गाडी घसरवतात. मायकोरायझाही टाकतात आणि बुडाशी १८:४६ चं भरलेलं पोतंही रिकामं करतात. हाताशी सहज मिळणारं स्फुरद भरपूर असलं की पीक म्हणतं, वाटेकरी कशाला हवा? ते बुरशीला साखर देणं कमी करतं आणि मुळात तिची वस्ती होतच नाही. दोन्हींचे पैसे गेले. जास्त स्फुरदामुळे जस्ताची कमतरता दिसते, त्याचंही एक कारण हेच, कारण जस्त आणून देणारी बुरशीच कमी झालेली असते. मग आपण झिंक सल्फेटची तिसरी पिशवी आणतो.

म्हणून मायकोरायझा विकत घेण्याआधी तुमची माती आरोग्य पत्रिका काढा. उपलब्ध स्फुरद हेक्टरी २५ किलोच्या वर असेल, तर त्या तुकड्यात बुरशीसाठी खर्च करू नका. आधी एक-दोन हंगाम स्फुरदाची खतं हात आखडून द्या. १० ते २५ च्या मधे असेल तर बुरशी टाका आणि स्फुरदाचा डोस निम्म्यावर आणा. त्याहून कमी असेल तर थोडं स्फुरद द्यावंच लागेल. बुरशी खत बनवत नाही, असलेलं आणून देते. सासवडकडच्या मुरमाड माळावर आणि ओढ्याकाठच्या काळ्या रानात आकडे अगदी वेगळे येतील, दोन्हींचा नमुना एकत्र करू नका.

टाकायची कुठे आणि कधी? माझं उत्तर एकच, रोपवाटिकेत. बुरशीचा कण मुळाच्या अंगाला लागला तरच ती आत शिरते. ड्रिपमधून सोडलेली पावडर वरच्या दोन बोटं मातीत गाळली जाते, निम्मी फिल्टरमध्ये अडकते, आणि मुळं तोवर खाली गेलेली असतात. रोपवाटिकेत मात्र चिमूटभर माल हजारो मुळांना पुरतो. कांद्याचं रोप गादीवाफ्यावर ४५ ते ५० दिवस असतं, बुरशीला बस्तान बसवायला इतका वेळ पुरेसा. बी पेरायच्या ओळीत, बियाच्या खाली बोटभर, विरजण टाका, वर बी, मग माती. गादीवाफ्याला चांगलं कुजलेलं शेणखत द्या, पण १८:४६ अजिबात नको. टोमॅटोच्या ट्रेमध्ये मी कोकोपीट भिजवतानाच घरचं विरजण विसाला एक या प्रमाणात मिसळतो. विकतचा माल तीव्रतेने फार वेगवेगळा असतो, तिथे पिशवीवरची मात्रा पाळा. टोमॅटोचं रोप २५ दिवसांत निघतं, तेवढ्यात वस्ती जेमतेम सुरू होते. म्हणून टोमॅटोला लागणीच्या वेळी खड्ड्यात, रोपाच्या गड्ड्याखाली, आणखी एक चिमूट देतो. ट्रेमधल्या रोपांना १९:१९:१९ या विद्राव्य खताचं (यातही स्फुरद असतं) पाणी देताना हात राखून द्या. हिरवंगार, लुसलुशीत रोप गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून रोपवाटिकावाले ते सढळ देतात, मीही देत होतो.

वांगी, मिरची, काकडी, दोडका, कारलं, घेवडा, गवार, गाजर, मका यांना ही बुरशी चालते. मेथी-कोथिंबिरीशीही तिचं जमतं, पण दीड महिन्यात उपटायच्या भाजीला हा खर्च परवडत नाही. तुमच्या पुरंदरचा वाटाणा मात्र तिचा जुना सोबती. वाटाण्याच्या रानात पुढे कांदा लावलात तर मुळांत आधीच बुरशी तयार असते. याउलट कोबी-फ्लॉवर काढून लगेच त्याच रानात कांदा लावला की तो सुरुवातीला बसून राहतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. जुने लोक म्हणतात, कोबीने जमिनीचा कस ओढला. कस तर ओढतोच, पण तीन महिने त्या रानात बुरशीला घर मिळालेलं नसतं, हेही त्यातलं एक कारण. कोबीनंतर मधे ज्वारी, बाजरी किंवा मका चाऱ्याला का होईना घ्या, मुळं जमिनीत राहू द्या आणि मग कांदा. रोटाव्हेटरही जरा बेताने फिरवा. त्याने मातीतलं तंतूंचं जाळं तुटतं. रान बराच काळ पडीक ठेवलं तरी ते विरळ होतं.

आता औषधांबद्दल. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका पावसाळ्यात टोमॅटोचे ट्रे विरजण घालून भरले. आठवड्याने एका कोपऱ्यात पाच-सात रोपं आडवी दिसली. घाबरून मी सगळ्या शेडमध्ये कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते रोपांच्या मुळाशी ओतलं. रोपं वाचली, विकलीही गेली. महिन्याने शिल्लक ट्रेमधली मुळं रंगवून पाहिली तर पाटी कोरी. कार्बेन्डाझिम चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद करत नाही, ट्रायकोडर्मालाही ते मारतं आणि मायकोरायझालाही. गंमत अशी की पावसाळ्यात ट्रेमधली रोपं कोलमडवणारा पिथियम हा खरी बुरशीच नव्हे, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे, आणि कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही. म्हणजे मी सोबत्यांना मारलं आणि चोर तसाच सोडला. रोपं वाचली ती बहुधा त्याच दिवशी शेडचे पडदे वर केले आणि पाणी कमी केलं म्हणून. पिथियमसाठी द्यायचंच झालं तर मेटालॅक्सिल गटातलं औषध खऱ्या बुरश्यांना फारसं बाधत नाही. पण पहिला उपाय म्हणजे ट्रे ओलेकिच्च न ठेवणं.

बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बी आणलं असेल तर त्यावरही बुरशीनाशकच असतं. पाकिटावर कोणतं ते वाचा. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करायची तर साधं बी घ्या, किलोला ४ ते ५ ग्रॅम, पाण्याचा हलका हात लावून, सावलीत सुकवून लगेच पेरा.

ट्रायकोडर्मा शेतात टाकायची माझी पद्धत अशी. शंभर किलो पूर्ण कुजलेलं शेणखत सावलीत पसरायचं, वर एक किलो ट्रायकोडर्मा शिंपडायचा, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये इतका ओलावा ठेवायचा, वर ओलं गोणपाट. तीन-चार दिवसांनी फावड्याने खालीवर करायचं. आठ-दहा दिवसांत आधी पांढरं आणि मग हिरवट पीठ चढलेलं दिसतं, ओल्या मातीसारखा वास येतो. ते संध्याकाळी वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना) बोदात, म्हणजे लागणीच्या वरंब्यात, मिसळायचं. ताजं शेण घेऊ नका, ते तापतं. हात घातल्यावर चटका बसला तर आतली ट्रायकोडर्मा मेली समजा.

पिशवी विकत घेताना तारीख बघा, आणि कुठे ठेवली होती तेही. एका दुकानात मी मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावरून पिशवी उतरवून देताना पाहिलं, हाताला गरम लागत होती. जिवंत माल आहे, दुधासारखाच. ट्रायकोडर्माच्या पिशवीवर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत पेशी म्हणजे '२×१०⁶ सीएफयू' आणि नोंदणी क्रमांक असतो. मायकोरायझावर प्रोपॅग्यूलचा, म्हणजे नवी बुरशी उगवू शकणाऱ्या कणांचा, आकडा असतो. 'ह्युमिक, समुद्री शेवाळ, अमिनो आणि मायकोरायझा' असं मिश्रण असेल तर मी घेत नाही. त्यातल्या ह्युमिकने पानं तजेलदार होतात आणि श्रेय बुरशीला मिळतं.

तीस गुंठ्यांसाठी तर तुम्ही घरीच विरजण करू शकता. बांधावरच्या किंवा माळावरच्या, बरीच वर्षं न नांगरलेल्या जागचं गवत मुळासकट खणा. ती मुळं बारीक चिरून मातीसकट धुतलेल्या वाळूत मिसळा आणि जुन्या टबात किंवा गोणीत भरा. वर ज्वारी किंवा मका दाट पेरा. तीन-साडेतीन महिने वाढू द्या, स्फुरद न देता, अधूनमधून थोडंसं नत्र. मग दहा-बारा दिवस पाणी तोडा. पीक मरायला लागलं की बुरशी बीजाणू धरते. वरचा चारा जनावरांना घाला आणि खालची मुळं कोयत्याने बोटाच्या पेरापेक्षा बारीक करून वाळूसकट सावलीत वाळवा. हेच विरजण, वर्षभरात वापरा. एकच खबरदारी: वांगी-टोमॅटोच्या रानातली माती यासाठी घेऊ नका, तिथून सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) आणि मर रोग घरी याल घेऊन.

आता मुळं तपासणं. गावात कॉलेजचं कोणी असेल तर सूक्ष्मदर्शक मिळतो. कांद्याची बारीक मुळं धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात, भांडं गरम पाण्यात ठेवून, ती पारदर्शक होईपर्यंत ठेवायची. हे द्रावण कातडी भाजतं, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि स्वयंपाकाचं भांडं नको. मग मुळं नीट धुवा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये वीस भागाला एक भाग पेनची काळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा, आणि मग दोन थेंब व्हिनेगर टाकलेल्या साध्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. सगळ्याच शाया चालत नाहीत, दोन-तीन करून पाहाव्या लागतात. चांगली वस्ती असेल तर मुळाच्या आत निळसर दोरे, त्यांना लागलेले फुगे आणि पेशीपेशीत बसलेली इवली झुडपं दिसतात. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेडमधल्या बायकांना एकेक करून बोलावून दाखवली होती. एकीने विचारलं, 'हे आपण टाकलं की देवाने?' मी म्हटलं, निम्मं निम्मं.

प्रतीचं विचारलंत. कांद्यात मला दिसलेला फरक म्हणजे एकसारखा आकार. गोल्टी (बारीक कांदा) कमी निघते, मान बारीक वाळते. सोसायटीच्या गिऱ्हाइकाला हे आवडतं. टोमॅटोत पाण्याचा ताण पडला तेव्हा बुरशीवाली झाडं दुपारी उशिरा माना टाकतात, एवढं मी छातीठोक सांगेन. पाल्यात आणि फळात जस्त वाढतं हेही खरं. चव मात्र वाण, ऊन, पालाश (पोटॅश) आणि शेवटच्या दिवसांतलं पाणी यांच्यावर जास्त ठरते. बुरशीने टोमॅटो गोड होतो असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा.

या वेळी कांद्याचे दोन गादीवाफे करा, एक विरजणाचा आणि एक बिगर विरजणाचा. बी, खत, पाणी सगळं सारखं. लागण करताना रानाच्या मधोमध, बांधाजवळ नको, बिगर विरजणाच्या चार सऱ्या ठेवा आणि कडेला खुंटी ठोका. काढणीला तेवढ्या चार सऱ्या आणि शेजारच्या चार सऱ्या वेगळ्या गोण्यांत भरून वजन करा, आणि गोल्टी वेगळी निवडून तिचंही वजन करा. मजूर घाईत दोन्ही गोण्या एकत्र ओततात, म्हणून एका गोणीला लाल चिंधी बांधून ठेवा.